घर्षण, वंगण आणि ग्राफीन



दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत (१८४४-१८८६) ज्या इंदुरात सरकारी कापडगिरणी उभी राहिली, त्या नगरीला वंगणाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. २०१७ साली होल्मबर्ग आणि एर्देमीर या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार, जगात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा घर्षणावर मात करण्यातच जाते. ग्राफीनविषयीचे कुतूहल त्यातूनच आले.

ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा, केवळ एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीने वेगळा केला, हे २००४ साली प्रसिद्ध झाले; २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. यंत्र सुरू होताना किंवा भार वाढताना तेलाचा थर तुटतो. अशा वेळी तेलात मिसळलेले हे पापुद्रे धातूला धातूपासून दूर ठेवतात आणि परस्परांवरून सहज सरकतात. मात्र तेलाचा थर पुरेसा जाड असेल, तेथे त्यांचा लाभ अल्पच. शिवाय ते एकमेकांस बिलगून त्यांच्या गुठळ्या होतात व तळाशी बसतात. खरी अडचण हीच.

म्हणून सांवेर मार्गावरील वा पीथमपूरच्या लहान कारखानदाराने डब्यावरील नाव पाहून नव्हे, तर स्वतःच्या यंत्रावर चाचणी घेऊनच पैसा मोजावा. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. परंतु वेळेवर तेल घालणाऱ्या कामगाराची दक्षता आजही कोणत्याही नव्या द्रव्याइतकीच मोलाची आहे.