मोफत, मुक्त आणि भाड्याचे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेची १९९९ ची स्मरणिका माझ्या डीटीपीच्या दुकानात जुळवली होती. त्यात आपल्या मुख्याध्यापक सरांचे शेवटचे मनोगत होते. ते या अंकात पुन्हा छापावे म्हणून सीडी काढली. सीडी शाबूत, पण ते सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडत नसे आणि डोंगल केव्हाच निकामी झालेला. पैसे मोजले होते, पण सॉफ्टवेअर माझे नव्हतेच. मी घेतला होता तो वापरण्याचा परवाना, तोही एका संगणकापुरता.

दुसरी तऱ्हा भाड्याची. अडोबीने २०१३ मध्ये हाच मार्ग धरला. एकरकमी बोजा नाही, सुधारणा आपोआप मिळतात. पण हप्ता थांबला की काम थांबते. तिसरी शेअरवेअरची, १९८० च्या दशकातली: वापरा, मित्रांना वाटा, आवडले तर पैसे पाठवा. सगळा भरवसा माणसाच्या सचोटीवर!

चौथी मुक्त सॉफ्टवेअरची. मुक्त आणि मोफत यांना इंग्रजीत एकच शब्द असल्याने तिकडे घोळ होतो. मराठीत ती अडचण नाही. मोफत सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, पण त्याचा सोर्स कोड बंदच असू शकतो. मुक्त सॉफ्टवेअर विकताही येते, पण त्याचा कोड पाहायची, बदलायची, वाटायची मुभा असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये जीपीएल परवाना आला.

आपल्या वर्गातल्या गणिताच्या वहीसारखेच हे. जीपीएल म्हणतो, ‘वही उतरवून घे, सुधार, पण पुढे दिलीस तर पायऱ्यांसकट आणि याच अटीवर दे.’ एमआयटी आणि बीएसडी परवाने म्हणतात, ‘माझे नाव तेवढे राहू दे, मग वही कुलपात ठेवलीस तरी चालेल.’

माझ्या दुकानात आजही विकतची सॉफ्टवेअर आहेत. ती बनवणाऱ्यांचेही पोट आहे. पण जे पुढच्या पिढीला द्यायचे, त्याची किल्ली एकाच्याच हातात नसावी.

सरांचे मनोगत अखेर एका वर्गमैत्रिणीने जपलेल्या छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केले. हा अंक युनिकोडमध्ये आहे. अक्षरे मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेल्या ‘मुक्ता’ फाँटची आहेत. त्याचा परवाना खुला, म्हणून फाइलसोबत फाँटही शाळेच्या ग्रंथालयात देत आहे. पंचवीस वर्षांनी कोणी ती उघडेल, तेव्हा सर पुन्हा बोलतील.