विजेची मोटार घरी आणण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मला हसू आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोटारीच्या यंत्रातले मला काही कळत नाही आणि कळत असल्याचा आव मी आणणार नाही. पण घरखर्चाची वही मी लग्नापासून लिहीत आले आहे, आणि गेले दोन महिने आमच्या घरात या एकाच गोष्टीची चर्चा चालू आहे. आमची मुलगी बदलापूरहून ऐरोलीला नोकरीस जाते. रात्री परतायला उशीर होतो, कधी कधी शेवटची लोकल चुकते. तिच्या दोन मैत्रिणी अंबरनाथला राहतात. तिघींनी मिळून विजेची मोटार घ्यावी, निदान भाड्याने तरी घ्यावी, असा त्यांचा बेत आहे. मुलगी रात्री सुखरूप घरी यावी, हे मला कुणाहूनही अधिक वाटते. म्हणूनच मी चार ठिकाणी विचारपूस केली. ती तुमच्यापुढे मांडते.

विजेवरचे वाहन आपल्याला नवे नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली, आणि तिच्याच वंशातल्या लोकलवर आपले अर्धे आयुष्य गेले. फरक इतकाच की लोकलला डोक्यावरच्या तारेतून वीज सतत मिळते, मोटारीला मात्र आपला डबा घरून भरून न्यावा लागतो. डबा केवढा, तो कुठे भरायचा आणि तो खराब झाला तर पैसे कोणी द्यायचे, या तीन गोष्टी पक्क्या झाल्या की बाकी रंग, पडदा, गाणी हे सगळे नंतरचे.

आधी डब्याचा आकार. कंपनी जो किलोमीटरचा आकडा छापते तो ठराविक पद्धतीच्या चाचणीतला असतो. आपल्या काटई नाक्यावरच्या खोळंब्यात, चार माणसे बसवून, गारव्याचे यंत्र लावून तो आकडा येत नाही. टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा एका भरणीत ३१२ किलोमीटर असे सांगितले होते. वापरणारे लोक दोनशेच्या आसपास सांगत. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. मासिकातल्या पाककृतीत ‘चार माणसांना पुरेल’ असे लिहिलेले असते, पण आपल्याला आपल्या घरची माणसे ठाऊक असतात, तसेच हे समजावे. छापील आकड्याचा तिसरा हिस्सा वजा करून हिशेब मांडावा. शिवाय मोटार घेण्यापूर्वी एकटीने दुकानाभोवती फेरी मारू नका. घरची सगळी माणसे बसवा, गारवा चालू ठेवा, आणि आपल्या रोजच्याच रस्त्यावर न्या.

आता डबा भरायचा कुठे? माझ्या मते सगळा विषय इथेच अडतो, आणि दुकानदार इथेच घाईने पुढे जातो. आमच्या विक्रेत्याने सांगितले, “काकू, घरच्या साध्या पिनेवर चार्ज होते.” मी विचारले, “कोणत्या पिनेवर? मिक्सरच्या का?” तेव्हा कळले की पंधरा-सोळा अँपिअरची जाड पिन लागते, आणि ती तासन्तास साधारण तीन किलोवॅट वीज ओढते. तुमचे विजेचे बिल काढून त्यावरचा ‘मंजूर भार’ बघा. कित्येकींच्या बिलावर तो एक किंवा दोन किलोवॅट असेल. त्यात गीझर, इस्त्री आणि वर मोटार! भार वाढवून घ्यावा लागतो, मीटरपासून गाडीपर्यंत तांब्याची जाड वायर स्वतंत्र ओढावी लागते, वेगळी एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारी कळ बसवावी लागते, आणि अर्थिंग खरोखर आहे की नुसता हिरवा तार भिंतीत लोंबतो आहे, हे परवानाधारक वायरमनकडून मापून घ्यावे लागते. एक्स्टेन्शन बोर्डावर मोटार लावू नका. लग्नात हॅलोजनला लावतो तो बोर्ड रात्रभर तापत राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

उल्हासनगरच्या भगिनींना हे अधिक कठीण. कॅम्पातल्या जुन्या बराकींच्या गल्ल्यांत गाडी दारासमोर उभी राहील की नाही हाच प्रश्न, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडणे म्हणजे शेजारच्या पोरांच्या जिवाशी खेळ. ज्यांना स्वतःची ठरलेली जागा नाही त्यांनी आधी जवळचे सार्वजनिक चार्जिंग केंद्र स्वतः जाऊन पाहावे. फोनमध्ये नकाशावर दिसते म्हणून ते चालू असेलच असे नाही. रात्री आठ वाजता जा, रांग किती ते बघा, आणि आपल्या गाडीची पिन तिथे बसते का ते विचारा.

बिलाचेही एक गणित आहे. आमच्या मुलीचे जाणे-येणे सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे १,६५० किलोमीटर. एका युनिटला सात किलोमीटर धरले तर २३५ युनिट. आमचा घरचा वापर दीडशेच्या घरात. महावितरणचा दर शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढा. म्हणजे मोटारीने आमचे बिल नुसते वाढणार नाही, वरच्या पायरीवर जाणार! यावर उपाय आहे. २०२४ साली केंद्राच्या वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली, आणि मोटार भरण्यासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय झाली. महावितरणचा चार्जिंगसाठी वेगळा दरही आहे. दोन्ही हिशेब कागदावर मांडूनच ठरवावे.

डबा खराब झाला तर? बॅटरीवर बहुधा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी असते. पण हमी कशाची ते वाचा. बॅटरी म्हातारी होऊन तिची ताकद किती टक्क्यांखाली गेली म्हणजे बदलून मिळणार, हे लिहिलेले आहे का? कधी कधी मोठी हमी फक्त पहिल्या मालकाला असते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी म्हणून कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या तब्येतीचा कागद मागावा. तो नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, घरी यावे.

आणि पाणी! बदलापूरकरांना २६ जुलै २००५ सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून काढावे लागले, तेही आपण पाहिले. बॅटरीवर ‘आयपी ६७’ असे लिहितात. त्याचा अर्थ ती बंद पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तपासली आहे. गाडी पुराच्या पाण्यात रात्रभर उभी ठेवायची परवानगी नव्हे. उल्हास नदीच्या बाजूच्या सोसायट्यांत गाडी तळमजल्यावर, आणि चार्जिंगची पिनही तिथेच. पिन कमरेच्या वर बसवा. विम्यात बॅटरीचे पाण्याने झालेले नुकसान धरले आहे का, ते कागदावर दाखवायला सांगा. आणि गाडी पाण्यात गेलीच तर ती सुरू करून बघायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, कंपनीला बोलवायचे.

आता भाड्याची गोष्ट. मुलीच्या हाती भाडेकराराचा जो कागद आला त्यात मासिक रक्कम ठळक अक्षरांत होती, आणि वर्षाला पंधरा हजार किलोमीटरची मर्यादा बारीक अक्षरांत. तिचे नुसते कामावर जाणे-येणेच १९,८०० किलोमीटर होते! वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळा आकार. मध्येच नोकरी सुटली किंवा तिघींपैकी एकीचे लग्न ठरले तर करार मोडण्याचा दंड कोणाच्या माथी? गाडी परत देताना ओरखड्यांचे पैसे कोण ठरवणार? हे प्रश्न आम्ही लिहून पाठवले आहेत.

दुसरा प्रकार नुसती बॅटरी भाड्याने घेण्याचा. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरीशिवाय ९.९९ लाखांपासून आणि बॅटरीसह १३.५० लाखांपासून अशी किंमत होती. बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये, वीज निराळी. फरक ३.५१ लाखांचा. साडेतीनने भागा, एक लाख किलोमीटर येतात. व्याज बाजूला ठेवले तर त्याहून कमी फिरणाऱ्याला भाडे परवडेल, आमच्या मुलीसारखीला पाच वर्षांतच बॅटरीची किंमत भरून होईल आणि पुढेही भाडे चालूच. महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, हेही विचारा.

सवलतींविषयी थोडक्यात. विजेच्या मोटारीवर जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून बाराचा पाच टक्के झाला. पण प्राप्तिकरात कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत सूट मिळते असे कुणी सांगितले तर कान टवकारा. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. गाडीत स्टेपनी आहे का तेही बघा. काहींत नसते, आणि आपले पावसाळ्यातले खड्डे तुम्हाला माहीत आहेत.

आमच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे. वायर कोणत्या भिंतीवरून न्यायची आणि खर्च कोणी करायचा, हा विषय मी पत्रिकेवर घालून घेतला आहे. ज्या भगिनींच्या सोसायटीत हे काम आधी झाले असेल त्यांनी आजच्या चहाच्या वेळी मला जरूर भेटावे. वायरमनला किती पैसे दिले ते मला लिहून घ्यायचे आहे.