मनाची मशागत : विचारापासून की कामापासून?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



कृषिविद्येचा माणूस आज पिकाऐवजी मनाविषयी का बोलतो, असे आपणास वाटेल. त्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी मी एका गावी शेतभेटीस गेलो होतो. पावसाने ताण दिल्याने दुबार पेरणी झालेली, डवरणी राहिलेली आणि सोयाबीनमध्ये तण माजलेले. काका घरी बाजेवर बसून होते. म्हणाले, "सर, कळतं सगळं, पण उठवतच नाही." मी तणनाशकाचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून दिली व निघालो. पुढे त्यांच्या मुलाकडून समजले, की वडिलांना महिनाभर झोप नव्हती. सुदैवाने घरच्यांनी त्यांना वेळीच दवाखान्यात नेले. मला तण दिसले, माणूस दिसला नाही. आणि अशा माणसाच्या हाती मी विषाची चिठ्ठी दिली, ही बोच अजून आहे.

सतत उदास वाटणे, कशातच रस न राहणे, झोप व भूक बिघडणे, थकवा येणे, स्वतःला दोष देणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तो आळस नव्हे. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. काहींना औषधे लागतात. त्याशिवाय संवादातून करावयाचे उपचारही आहेत. त्यांपैकी दोन पद्धतींची तुलना आज करू.

पहिली पद्धत : विचार-वर्तन उपचार

१९६० च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. अॅरन बेक यांनी ही पद्धत विकसित केली. प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार असतो, हे तिचे मूळ सूत्र होय. समजा, सोयाबीनचा उतारा निम्म्यावर आला. लगेच मनात येते, "मी नालायक, घर बुडवले." समुपदेशक हा विचार वहीत लिहावयास लावतात. त्याच्या बाजूचा पुरावा कोणता आणि विरुद्ध बाजूचा कोणता, हे तपासावयास लावतात. पावसाचा खंड तर शेजाऱ्यालाही पडला होता. गतवर्षी आपलेच पीक चांगले होते. मग विचार असा बदलतो : "या वर्षी नुकसान झाले, हप्ता चुकेल, बँकेत जाऊन बोलले पाहिजे." नुकसान नाकारलेले नाही, हे लक्षात घ्यावे. फक्त हिशेब खरा केला.

दुसरी पद्धत : कृतिशीलता उपचार

येथे विचाराशी वाद घालत नाहीत. मन खचले की माणूस काम सोडतो, पारावर जाणे सोडतो. त्यामुळे समाधान मिळत नाही, कामे तुंबतात आणि मन आणखी खचते. हे चक्र कामाच्या बाजूने तोडावयाचे. प्रथम आठवडाभर कोणत्या वेळी काय केले व मन कसे होते, याची नोंद ठेवतात. नंतर एखादे लहान काम वेळ ठरवून घेतात. "मन लागले की निंदीन" असे नव्हे, तर "सकाळी ७ वाजता दोन ओळी निंदीन, मग मनाचे पाहू" असे. शेतीकामाबरोबर भजनाला जाणे, मित्राकडे बसणे हेही त्यात धरावे. पुढे कामे हळूहळू वाढवावीत.

सरस कोणती?

आपण प्रक्षेत्रावर वाणांची तुलना करतो, तशीच चाचणी इंग्लंडमध्ये झाली. ४४० रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कृतिशीलता उपचार विचार-वर्तन उपचाराहून कमी पडला नाही. शिवाय तो कमी प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी दिला होता व खर्चही कमी आला.

आपल्या शेजारी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ४९५ रुग्णांवर अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी कृतिशीलतेवर आधारित ६ ते ८ भेटी दिल्या. २०१७ च्या अहवालानुसार तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

म्हणून ज्याला उठवतही नाही, त्याने कामापासून सुरुवात करण्यास हरकत नाही. हिंडता-फिरता येते, पण तोच विचार रात्रंदिवस डोक्यात घोळतो, त्यास पहिली पद्धत सोयीची वाटेल. समुपदेशक पुष्कळदा दोन्हींचा मेळ घालतात.

मर्यादा आणि दक्षता

या उपचारांनी कर्ज फिटत नाही, भावही वाढत नाही. मात्र बँक, पीकविमा, पुढील पेरणी यांचे निर्णय सावरलेल्या मनाने घेता येतात.

कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलत असेल, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट माणूस बोलता होतो. त्यास एकटे सोडू नये. कीडनाशके घरातून हलवावीत किंवा कुलूपबंद करून किल्ली दुसऱ्याकडे ठेवावी. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्वरित न्यावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

आता मी शेतभेटीस गेलो की पिकाच्या आधी "झोप लागते ना?" असे विचारतो. आपणही आपल्या शेजाऱ्यास, भावास आणि घरच्या बाईमाणसासही हे विचारावे, एवढीच विनंती.