पोटदुखीच्या आडचे दुखणे

(सारसोळे, नवी मुंबई येथे शिक्षक व पालकांच्या सभेत एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



एकीकडे खाडी आणि कोळी बांधवांची जेट्टी, दुसरीकडे सिडकोने वसवलेले नेरूळ, असे हे आपले सारसोळे. इथल्या आगरी-कोळी घरातले मूल आणि घाटावरून किंवा परप्रांतातून आलेल्या कुटुंबातले मूल आज एकाच बाकावर बसते. दोघांच्या घरची बोली निराळी. परंतु मन जड झाले की दोघांच्याही तोंडून बहुधा एकच वाक्य निघते, "बाई, पोटात दुखतंय." पोट खरोखरच दुखत असेल, तर डॉक्टर आहेतच. पण दर सोमवारी, गणिताच्याच तासाला दुखत असेल, तर? इथे शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा विषय सुरू होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. यात महाविद्यालयीन तरुणही आले, हे खरे. आमची वृत्तपत्रे 'कमी गुण मिळाल्याने' असा एका ओळीचा मथळा देऊन मोकळी होतात. माझ्या व्यवसायाची ही खोड वाईट आहे. कारण एवढे सोपे क्वचितच असते आणि सोपे कारण छापले की प्रत्येकाला हात झटकता येतात.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी याविषयी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे त्यांत म्हटले आहे. यातला 'सर्व' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. त्यात शिक्षकेतर कर्मचारीही येतात. मधल्या सुट्टीत डबा न उघडता जिन्याखाली बसलेली मुलगी मुख्याध्यापकांना दिसत नाही, ती शिपाईमामांना दिसते. आणि प्रशिक्षणाच्या दिवशी शिपाईमामा मात्र खुर्च्या मांडत असतात!

या प्रशिक्षणात शिकायचे काय? शिक्षकाला मनोविकारतज्ज्ञ करण्याचा हा खटाटोप नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. पाहा, ऐका, जोडून द्या, असे तिचे सार. पाहायचे ते अचानक झालेले बदल. बडबडे मूल गप्प होणे, वारंवार गैरहजेरी, वर्गात डुलक्या, आवडीच्या वस्तू मित्रांना वाटून टाकणे, मनगटावरचे ओरखडे. ऐकायचे ते एकांतात, पण दार उघडे ठेवून, मध्ये उपदेश न घालता. आणि 'कुणाला सांगणार नाही' असे वचन कधीही द्यायचे नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल तर सांगावेच लागते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेच्या अब्रूचा विचार तिथे गैरलागू ठरतो.

सर्वांत अवघड धडा प्रश्न विचारण्याचा. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारले तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, अशी भीती आपल्याला वाटते. तज्ज्ञांचा निर्वाळा उलट आहे. असा प्रश्न शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट कोंडलेले बाहेर पडायला वाट मिळते. हे नुसते ऐकून जमत नाही. शिक्षकांनी एकमेकांसमोर बसून तो प्रश्न मोठ्याने उच्चारण्याचा सराव करावा लागतो. पहिल्यांदा जीभ अडखळते.

आपल्या घरांतून एक आक्षेप हमखास येतो. चांगले संस्कार असले की समुपदेशक कशाला? समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले आणि आपण मुलांकडून ते पाठ करून घेतो, ते उत्तमच. परंतु खचलेल्या मुलाला 'मन खंबीर कर' म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला धावायला सांगणे होय. महाराष्ट्रात हे काम परकेही नाही. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती मानसशास्त्राचा आधार घेऊनच. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्था तर इथून लोकलने गाठता येईल अशा ठाण्यात आहे.

आता शिक्षकांची बाजू. साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे, भरायचे तक्ते, त्यात हे आणखी एक. दमलेल्या माणसाकडून ऐकण्याची अपेक्षा करायची, तर त्याच्या डोक्यावरचे एखादे ओझे उतरवावेच लागेल. पालक सभेत शाळेकडे गुणांचा हिशेब मागतो, तशी शिक्षकांना वेळ मिळण्याची मागणीही आपण का करू नये?

शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. संकटातील बालकांसाठी १०९८ आहे. न्यायालयाच्या सूचनेप्रमाणे असे मदत क्रमांक शाळेत ठळक अक्षरांत लावायचे आहेत. उद्या मुलांना सोडायला जाल तेव्हा फलकावर ते दिसतात का, ते बघा. दिसले नाहीत तर मुख्याध्यापकांना भेटा. वर्षातले दुसरे प्रशिक्षण कोणत्या महिन्यात आहे आणि शिपाईमामांचे नाव यादीत आहे का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.