शेताची वाट कागदावर आणा



मी कृषी विस्तार अधिकारी. आमचं बोलणं एरवी बियाण्याचं, खताचं, पाण्याचं. पण गावोगाव फिरताना एक दुखणं वारंवार कानावर येतं, आणि त्यावर फवारायचं औषध काही निघालेलं नाही. ते दुखणं म्हणजे शेताची वाट.

मागच्या एका हंगामात एका फडावर गेलो होतो. ऊस तुटून मोळ्या बांधलेल्या, ट्रॅक्टर मात्र बांधाबाहेर उभा. शेजारच्या वृद्ध मालकानं हयातभर वाट दिली होती. ते वारले आणि मुलानं तारेचं कुंपण घातलं. "कागद दाखवा," म्हणाला. कागद नव्हता. तीन दिवस ऊस उन्हात वाळला, वजन घटलं, आणि दोन घरांचं बोलणं तुटलं ते वेगळंच.

म्हणून आज सांगायचं ते एवढंच : वाट चालू असते तेव्हाच ती मोजून, नकाशावर काढून, सातबाराला लावून घ्या. भांडण लागल्यावर मोजणीला गेलात, तर खुंट्याखुंट्याला वाद होतो.

आधी आपली वाट कुठल्या प्रकारची आहे ते पाहा. भूमि अभिलेख कार्यालयातून गावाच्या नकाशाची नक्कल काढा. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते. तुमची वाट तिथं असेल तर निम्मं काम झालं.

नकाशावर नसेल, पण शेजाऱ्याची राजीखुशी असेल, तर दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज द्या. मोजणी झाल्यावर नकाशाची 'क' प्रत मागून घ्या. वाटेच्या नकाशात या गोष्टी आहेत ना, हे स्वतः तपासा :

1. दोन्ही जमिनींचे गट नंबर, खातेदारांची नावं, उत्तर दिशा आणि प्रमाण.
2. वाट कुठून निघते आणि कोणत्या रस्त्याला मिळते.
3. लांबी, रुंदी, आणि बांधाच्या कोणत्या बाजूनं किती जागा जाते.
4. विहीर, हद्दीचा दगड अशा न हलणाऱ्या खुणांपासूनची अंतरं.
5. वाटेखाली जाणारं क्षेत्र. 3 मीटर रुंद आणि 100 मीटर लांब वाट म्हणजे 300 चौरस मीटर, अर्थात 3 आर. शेजारी किती जमीन सोडतो आहे हे आकड्यात दिसलं, की मोबदल्याचं बोलणंही सरळ होतं.

मग दस्त करा. साध्या कागदावरच्या सह्यांवर विसंबू नका. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवा. नोंदणी कायदा 1908 सालचा आहे. त्याच्या कलम 21 प्रमाणे दस्तातली मिळकत ओळखता येईल असं वर्णन लागतं, आणि दस्तात नकाशा असेल तर त्याची खरी नक्कल सोबत द्यावी लागते. "पूर्वेकडून वहिवाटीप्रमाणे वाट" एवढं लिहिलं, तर उद्या ती वाट कोण ओळखणार? दस्त झाल्यावर तलाठ्याकडे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, फेरफारासाठी अर्ज द्या. शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' सदरात घ्यावी, असा शासन निर्णयही मे 2025 मध्ये निघाला आहे.

शेजारी राजी नसेल तर? शेताला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. ही वाट बांधावरून मिळते, कुणाच्या शेताच्या मधून नव्हे. अर्जासोबत मागितलेल्या वाटेचा कच्चा नकाशा, आपला सातबारा आणि लगतच्या शेतकऱ्यांची नावं-पत्ते जोडा. मोजणी झालेली असेल तर तो नकाशाही जोडा.

चालू वाट कुणी अडवली असेल, तर अर्ज वेगळा. तो मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 मधील कलम 5 खाली करायचा, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'आज मिटेल, उद्या मिटेल' म्हणत मुदत घालवू नका.

काहीजण म्हणतात, "आम्ही वीस वर्षं जातोय, आमचा हक्क झालाच." थांबा. सुविधाधिकार कायदा 1882 चा. त्याप्रमाणे ती वहिवाट उघड, बिनतक्रार, अखंड आणि हक्कानं केलेली असावी लागते. शेजाऱ्याच्या परवानगीनं गेलात, तर त्या वर्षांचा हक्क होत नाही. वर सांगितलेल्या फडावर नेमकं हेच अडलं.

आणखी एक. भावाभावांत वाटणी करताना मागच्या तुकड्याची वाट वाटणीपत्रात आणि नकाशात आधी काढा. आज भाऊ आहेत, पण उद्या त्यांची मुलं असतील.

तेव्हा या उन्हाळ्यात, रान मोकळं असताना, शेजाऱ्याला घरी चहाला बोलवा. नकाशाची नक्कल समोर ठेवा आणि बोला. कागद केला म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखवला, असं नाही. तुमचा स्नेह तुमच्या मागंही टिकावा, यासाठी तो कागद.

बरंय तर, राम राम.