कादंबरी शिकवायची म्हणजे काय शिकवायचे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)





अशा प्रसंगी बहुधा स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्त्या किंवा नोकरीच्या वाटा यांविषयी बोलले जाते. ते बोलणे आवश्यकच आहे. मी मात्र आज कादंबरीविषयी बोलणार आहे. नववी ते बारावीच्या मुलामुलींना एखादी जुनी, नावाजलेली कादंबरी कशी शिकवावी आणि ती शिकून त्यांच्या हाती काय लागते, एवढाच माझा विषय आहे.

पालकांचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. कादंबरी वाचून काय मिळणार? तेवढ्या वेळात गणिताची चार उदाहरणे सुटतील. हा प्रश्न गैर नाही. ज्या घरात वडील कारखान्यात पाळी करून येतात आणि आई विड्या वळून संसाराला हातभार लावते, त्या घराला वेळेची किंमत कोणी शिकवायला नको. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर गोल गोल देऊन चालणार नाही. माझे उत्तर असे आहे : नीट शिकवलेली कादंबरी मुलाला एकच सवय लावते. कोणी काही सांगितले की, ‘हे कोण सांगतो आहे आणि त्याला आधार काय?’ असे विचारण्याची ती सवय. ही सवय ज्याला लागली, तो बाजारात, कचेरीत, मतदानाच्या रांगेत आणि मोबाईलवर आलेल्या मजकुरापुढेही सहजासहजी फसत नाही.

प्रथम सध्याची स्थिती पाहू. महाराष्ट्रात २०२० साली आलेल्या बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’त कादंबरी या साहित्यप्रकाराचा स्वतंत्र विभाग देण्यात आला. त्यात कादंबरीचा थोडक्यात इतिहास आहे, आणि ब्रेथवेट यांची ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्न यांची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ व कॉनन डॉइल यांची ‘द साइन ऑफ फोर’ या तीन कादंबऱ्यांतील उतारे आहेत. ही चांगली गोष्ट झाली. परंतु उतारा म्हणजे कादंबरी नव्हे. माणूस काळाच्या ओघात कसा बदलतो, हे दाखवण्यासाठी कादंबरी लांबलचक लिहिली जाते. चार पानांच्या उताऱ्यात तो बदल दिसणार कोठून? मग विद्यार्थी गाईड उघडतो. तेथे लिहिलेले असते : नायक धाडसी, प्रेमळ व कर्तव्यदक्ष आहे. हे वाक्य शंभर कादंबऱ्यांना लागू पडते. ते पाठ करणाऱ्याला गुण मिळतातही, पण त्याने कादंबरीचे विश्लेषण केले असे म्हणता येणार नाही.

विश्लेषण हा शब्द मोठा वाटतो, काम साधे आहे. काय घडले ते सांगणे म्हणजे सारांश. ते तशाच रीतीने का सांगितले आहे, याचा शोध घेणे म्हणजे विश्लेषण. वर्गात यासाठी शिक्षकाजवळ एक प्रश्न असला तरी पुरे : ‘पान कोणते?’ विद्यार्थी म्हणाला, हा माणूस प्रेमळ आहे. ठीक. पान कोणते? त्या पानावर तो काय करतो, काय बोलतो, कोठे गप्प राहतो? दाखला मिळाला तर मत टिकले, न मिळाला तर मत बदलावे. त्यात कमीपणा नाही.

मित्रहो, ही शिस्त आपल्याला परकी नाही. हदीस सांगणाऱ्याला आपल्या विद्वानांनी प्रथम काय विचारले? सनद विचारली. हे तू कोणाकडून ऐकलेस, त्याने कोणाकडून ऐकले, मधला रावी विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, त्या दोघांची भेट तरी झाली होती का? केवळ रावींची पारख करण्यासाठी ‘अस्मा-उर-रिजाल’ हे एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. हदीस आणि कादंबरी यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. कादंबरी ही रचलेली कथा असते आणि तिच्यातला सांगणाराही लेखकाने रचलेला असतो. परंतु ज्या समाजाच्या विद्येचा पायाच ‘सांगणारा कोण?’ या प्रश्नावर उभा आहे, त्या समाजातील मुलाला हा प्रश्न पुस्तकापुढेही विचारता आला पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिचा मुलूख आपल्याला लागूनच आहे. आटपाडीकडचा तो माणदेश, सांगोल्याच्या पलीकडचा. काळ औंध संस्थानचा. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. लोकांचा विश्वास हळूहळू मिळवतो, त्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते आणि पुढे पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, वाडी उठून जाते. कादंबरी लहान आहे, भाषा सोपी आहे, म्हणून नववी-दहावीला ती उत्तम.

पहिला प्रश्न : हे कोण सांगतो? मास्तर स्वतः सांगतो. म्हणजे आपण वाडी पाहतो ती बाहेरून आलेल्या, शिकलेल्या, वयाने कोवळ्या माणसाच्या डोळ्यांनी. मुलांना सांगावे, मास्तरांच्या आगमनाचा प्रसंग वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या तोंडून एका पानात लिहून आणा. हा एक स्वाध्याय दहा व्याख्यानांचे काम करतो. एकच घटना सांगणारा बदलला की कशी बदलते, हे मूल आपल्या हाताने अनुभवते.

दुसरा प्रश्न : कोण कोणत्या भाषेत बोलतो? मास्तरांचे निवेदन एका मराठीत आहे, वाडीच्या माणसांचे संवाद माणदेशी बोलीत आहेत. सोलापूरच्या मुलाला हे चटकन समजेल, कारण त्याचा कान तयार आहे. घरात दखनी, पुस्तकात किताबी उर्दू, रस्त्यावर मराठी, शेजारी तेलुगू आणि कन्नड, असे आपले गाव आहे. घरची बोली आणि शाळेची भाषा यांत अंतर असते, आणि त्या अंतराने कधी आपलेपणा तर कधी संकोच निर्माण होतो, हे आपल्या मुलांनी भोगलेले आहे. तेव्हा लेखकाने बोली का वापरली असेल, याचे उत्तर त्यांना गाईडमध्ये शोधावे लागणार नाही.

तिसरा प्रश्न : हे कोठे आणि केव्हा घडते? दुष्काळ हा शब्द आजच्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. त्याला घरी पाठवा. आजी-आजोबा असतील तर १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारून ये म्हणावे. खडी फोडायला कोण गेले होते, सुकडी कोठे मिळे, मिलो ज्वारीची भाकरी कशी लागे, जनावरांचे काय झाले, हे लिहून आण. नंतर ‘बनगरवाडी’चा शेवट पुन्हा वाचायला द्या. पहिल्या वाचनात जी पाने भरभर उलटली होती, तेथे तो थांबेल. कादंबरीतला काळ संस्थानी आणि आजोबांच्या आठवणी १९७२ च्या, दोन्ही दुष्काळ एक नव्हेत, हेही शिक्षकाने बजावून सांगावे. साम्य पाहणे जितके महत्त्वाचे, तितकेच वेगळेपण पाहणेही.

आता बारावीच्या मुलांनी याच वेळी ‘टू सर, विथ लव्ह’ हाती घ्यावी. ती १९५९ ची. ब्रेथवेट ब्रिटिश गियानातून आलेले कृष्णवर्णीय गृहस्थ, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलात काम केलेले, शिक्षणाने अभियंते. रंगामुळे त्यांना मनाजोगते काम मिळेना, म्हणून लंडनच्या ईस्ट एंडमधल्या शाळेत ते मास्तर झाले, आणि त्याच अनुभवावर हे पुस्तक बेतलेले आहे. येथेही मास्तर बाहेरचा आहे आणि तोच कथा सांगतो. दोन मास्तर शेजारी शेजारी बसवा आणि विचारा : एकाला वाडीने परके का मानले, दुसऱ्याला शहराने का मानले? विश्वास मिळवायला कोणाला काय करावे लागले? हजारो मैलांचे अंतर असलेली दोन पुस्तके एकमेकांवर उजेड टाकू लागतात.

चौथा प्रश्न : आपण काय मानावे अशी लेखकाची इच्छा आहे? यासाठी उर्दू माध्यमाच्या मुलांना डेप्युटी नझीर अहमद यांच्या ‘मिरात-उल-उरूस’सारखे पुस्तक नाही. ते १८६९ चे, आणि उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते. लेखकाने ते आपल्या मुलींच्या शिक्षणासाठी लिहिले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी. थोरली हट्टी, घर मोडणारी. धाकटी हुशार, घर सावरणारी आणि घरीच मुलींना शिकवणारी. लेखक कोणाच्या बाजूने आहे, हे पहिल्या काही पानांतच उघड होते. मुलींच्या शिक्षणाची बाजू त्या काळात इतक्या ठामपणे घेणाऱ्या या लेखकाविषयी आदर बाळगूनही विद्यार्थिनी विचारू शकते : अकबरीची बाजू कोणी ऐकून घेतली का? तिचे लाड करून तिला तशी कोणी केली? अकबरीने आईला लिहिलेले पत्र, असा निबंध मुलींना द्यावा. कोणी तिला दोषी ठरवील, कोणी तिची कीव करील. दोघींनी पुस्तकातले पान दाखवले, तर दोघींनाही गुण द्यावेत. एकाच आधारावरून आपल्या चार इमामांनी काही बाबतींत वेगळे निष्कर्ष काढले आणि तरी एकमेकांचा आदर राखला. दलील असेल तर मतभेद ही विद्येची शोभा आहे.

आता थोड्या नाजूक मुद्द्याकडे येतो. आपल्या मुलांना मराठी कादंबरीत आपला समाज कोठे भेटतो? ‘बनगरवाडी’त आयबू आहे. तो कसा रंगवला आहे? त्याचे मुसलमान असणे लेखक केव्हा सांगतो, केव्हा विसरतो? उत्तर मी देणार नाही, ते पानोपानी शोधायचे आहे. मोठ्या मुलांसाठी हमीद दलवाई यांची १९६५ ची ‘इंधन’ आहे. कोकणातल्या एका गावातील मुसलमानांचे आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे जीवन त्यात आहे, तणावही आहे. दलवाईंच्या सामाजिक मतांशी आपल्यातील अनेकांचे पटले नाही, आजही पटत नाही. तो प्रत्येकाचा अधिकार आहे. तथापि पुस्तक न वाचता केलेला निषेध आणि पुस्तक न वाचता केलेली स्तुती, दोन्ही सारखीच पोकळ. लेखकाची भाषणे वेगळी ठेवा, कादंबरी उघडा आणि तेथेही तोच प्रश्न विचारा : पान कोणते? जो मुलगा न आवडणारे पुस्तकही नीट वाचून त्याला मुद्देसूद उत्तर देऊ शकतो, त्याच्या श्रद्धेची काळजी करण्याचे कारण नाही. काळजी करावी ती ऐकीव गोष्टीवर भडकणाऱ्याची.

याच सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठीत आपले जगणे आपण मांडले पाहिजे, ही त्यामागची तळमळ होती. पण लिहिणारी पिढी आकाशातून पडत नाही. ती आधी वाचणारी पिढी असते. आमच्या वर्गातून आधी वाचक निघाले, तर उद्या लेखक निघतील.

शिक्षक मित्रांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. वर्षाला एकच कादंबरी घ्या, पण ती संपूर्ण घ्या. आठवड्याला एक तास, त्यात पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन. प्रत्येक मुलाच्या वहीत तीन रकाने असावेत : पान क्रमांक, काय घडले, मला काय वाटले. तिसरा रकाना शिक्षकाने सांगून भरू नये. चाळीस वह्यांत एकच वाक्य दिसले, तर तो शिक्षकाचा पराभव समजावा. प्रती कमी असतील तर चार मुलांत एक प्रत चालेल. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखे जुने ग्रंथालय आहे, त्याचा लाभ घ्यावा.

पालकांना एकच विनंती. मुलगी रात्री कादंबरी घेऊन बसली, तर ‘अभ्यास सोडून हे काय?’ असे म्हणू नका. विचारा, आज काय वाचलेस आणि ते तुला खरे वाटले का? तुम्हाला लिहितावाचता येत नसेल तरी हा प्रश्न विचारता येतो. किंबहुना अशा घरात मूल गोष्ट सांगते आणि आई ऐकते, तेव्हा आईही शिकते आणि मूलही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला आज मोबाईलवर तयार उत्तर क्षणात मिळते. ते उत्तर घ्यायचे की नाही, हे ठरवण्याआधी त्यालाही तोच प्रश्न विचारा. पान दाखवता आले तर ऐका, नाही तर पुस्तक उघडून स्वतः बघा.

या संस्थेच्या कार्यात अल्लाह बरकत देवो, अशी दुआ करतो आणि माझे भाषण संपवतो.

खुदा हाफिज.