तपासणाऱ्याचीही तपासणी

(अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत, सोलापूर येथील भाषण)



सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. परंतु दूरदेशीचा ग्राहक आपला यंत्रमाग पाहावयास येत नाही. तो प्रयोगशाळेचा अहवाल पाहतो. तो अहवाल विश्वासार्ह आहे हे कशावरून ठरवावयाचे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मी कला शाखेचा पदवीधर. म्हणून साधे उदाहरण घेतो. सुती कापड हवेतील ओलावा शोषते. सोलापूरच्या कोरड्या वैशाखात तोललेला अर्ध्या किलोचा टॉवेल मुंबईच्या श्रावणात पंधरा-वीस ग्रॅमने जड भरू शकतो. टॉवेल तोच, तराजूही अचूक, तरी आकडे दोन! यास्तव नमुना ठराविक तापमानात व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून मगच तोलावा, असा दंडक आहे. असे दंडक, उपकरणांचे अंशशोधन आणि चोख नोंदी यांतून गुणवत्तेची हमी निर्माण होते.

प्रवीणता चाचणी ही त्यापुढील पायरी होय. एकसारखे नमुने अनेक प्रयोगशाळांना पाठविले जातात व प्रत्येकीने स्वतंत्रपणे उत्तर कळवावयाचे असते. निश्चित मूल्यापासूनचे अंतर 'झेड' गुणांकाने दर्शवितात. तो अधिक-उणे २ पर्यंत समाधानकारक, २ ते ३ दरम्यान शंकास्पद आणि ३ वा त्यापुढे असमाधानकारक मानला जातो. प्रयोगशाळांना मान्यता देणारे, १९८८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय मंडळ अशा सहभागाचा आग्रह धरते.

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. काही ॲझो रंगांपासून घातक अमाइन द्रव्ये निर्माण होतात. जर्मनीने १९९४ साली व भारताने १९९७ साली अशा रंगांवर निर्बंध घातले. युरोपात त्यांची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. येथे 'योग्य' ठरलेला माल तेथे नापास झाला, तर तोटा कारखानदाराचा आणि पुढे विणकराच्या मजुरीचा.

म्हणून चाचणीचा नमुना सर्वांत कुशल हाताकडे सोपविणे, किंवा शेजारच्या प्रयोगशाळेस उत्तर विचारणे, ही आत्मवंचना होय. तपासणीच्या दिवशी हुशार मुले पुढच्या बाकावर बसविल्याने शाळा सुधारत नाही, हे शिक्षकबंधू जाणतात. नमुना रोजच्याच हातांनी, रोजच्याच पद्धतीने तपासावा. गुणांक घसरल्यास कारण शोधून दुरुस्ती करावी.

पंचायत सदस्यांनीही गावच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल हाती घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: ही प्रयोगशाळा स्वतः कधी परीक्षेस बसली होती, आणि निकाल काय लागला?